ऑफ तासाला वाली हवा

शाळेच्या भाषेत ‘बदली’ या शब्दाला आता एकच अर्थ उरला आहे. बदली म्हणजे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणं. त्यासाठी शासन निर्णय आहेत, ऑनलाइन अर्ज आहेत, संवर्ग आहेत, अवघड क्षेत्राच्या याद्या आहेत. पण रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी वर्गावर उभं राहणाऱ्या माणसाला शाळेत धड नाव नाही. मुंबईच्या गिरणगावात अशा माणसाला सरळ ‘बदली कामगार’ म्हणत. शाळेत तो कुठे ‘तासिकेवरचा’ असतो, कुठे ‘सीएचबी’ म्हणजे तासाच्या मोबदल्यावरचा, कुठे ‘टेम्पररी मॅडम’, कुठे ‘रजेच्या जागेवरचे सर’. मुलांना तर तो ‘ऑफ तासाला येणारा’ एवढाच ठाऊक असतो. नाव नसल्याने त्याचं पद नाही, आणि पद नसल्याने त्याच्यासाठी तरतूदही नाही. दुसरा व्यवसाय सोडून मी शिक्षकी पेशाकडे वळले तेव्हा याच बिननावाच्या कामावर काही वर्षं उभी होते, म्हणून या विषयात मी तटस्थ नाही. तरीही इथे मला स्वतःची कहाणी सांगायची नाही. मला एवढंच मांडायचं आहे की अशा शिक्षकाला काम कमी नाही, ते विखुरलेलं आहे. विखुरलेलं काम एकत्र बांधायचं कसं, हे महाराष्ट्राने इतर क्षेत्रांत फार पूर्वी करून दाखवलं आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवं की या कामावर येतं कोण. निवृत्तीनंतर वेळ घालवायला येणारे थोडे असतात, लग्न-बाळंतपणानंतर पुन्हा बाहेर पडणाऱ्या बऱ्याच असतात, आणि तिसरा गट व्यवसाय बदलणाऱ्यांचा असतो. बँकेत, कंपनीत, प्रयोगशाळेत, छापखान्यात दहा-बारा वर्षं काढून पस्तिशीच्या आसपास ‘आता शिकवायचं’ असं ठरवणाऱ्यांची वाट लांबची आहे. बी.एड. एका वर्षाचं होतं, ते 2015 पासून दोन वर्षांचं झालं. बी.एड.च्याही आधी प्रवेशासाठी सीईटी. पुढे शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, जी महाराष्ट्रात पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, आणि मग भरतीचं पवित्र पोर्टल. ही टेट 2017 च्या डिसेंबरमध्ये झाली, मग थेट 2023 च्या सुरुवातीला आणि त्यानंतर 2025 मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधलं अंतर पाच वर्षांहून जास्त आहे. 2018 साली बी.एड. झालेल्या माणसाने ही पाच वर्षं काय करायचं होतं? त्यात ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता पुरेशी नाही असा निकाल दिला आणि एक दार आणखी बंद झालं. निकालामागचं कारण मला पटतं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे. पण परिणाम असा झाला की पात्रता हातात पडल्यापासून भरतीची जाहिरात निघेपर्यंत मधे जो काळ जातो, तो काढायला तासिका आणि रजेची जागा यांपलीकडे फारसं काही उरत नाही. खासगी शाळेत गेलं तर पहिला प्रश्न ‘अनुभव किती?’ हाच असतो. म्हणून व्यवसाय बदलणाऱ्याला बदलीचं काम हा जोडधंदा नसतो, पेशात शिरण्याचा तो एकमेव पूल असतो.

आता काम खरोखर किती असतं ते पाहू. 2003 साली अर्थतज्ज्ञ क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस राज्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन पाहणी केली. त्यात सरासरी चारपैकी एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्राचा आकडा त्या यादीत सगळ्यांत कमी, 14.6 टक्के होता. त्या पाहणीनंतर शिक्षकांना कामचुकार म्हणण्याची साथच आली. पण 2017 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या 619 शाळांत अशीच पाहणी केली आणि शिक्षक शाळेत का नाहीत हेही विचारलं. तेव्हा 18.5 टक्के शिक्षक शाळेत नव्हते, मात्र विनाकारण गैरहजर असलेले फक्त 2.5 टक्के होते. उरलेले रीतसर रजेवर किंवा सरकारी कामावर होते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नाही, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण त्यातून निघणारी गोष्ट इथल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला ओळखीची वाटेल. शिक्षक प्रसूती रजेवर जातात आणि ती 180 दिवसांची असते. ते आजारी पडतात, प्रशिक्षणाला जातात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 त्यांना इतर कामांना जुंपू नका असं सांगतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवादही तेच कलम करतं. 2024 या एका वर्षात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. यातली बहुतेक कारणं न्याय्य आहेत. शिक्षक माणूस आहे, त्याला रजा मिळालीच पाहिजे. मग शाळा चालवणाऱ्याने हेही गृहीत धरायला हवं की रोज काही शिक्षक शाळेत नसणार. प्रसूती रजा तर काही महिने आधी कळते. तिला ‘अचानक उद्भवलेली अडचण’ कसं म्हणता येईल?

तरीही आपली व्यवस्था तिला अचानक उद्भवलेलीच समजते. शिक्षक नसला की काय होतं, हे शाळेच्या आवारात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन तुकड्या एकत्र बसवतात, किंवा ज्याचा तास मोकळा असेल त्या शिक्षकाला ‘जरा बघा’ म्हणून पाठवतात, किंवा वर्गप्रमुखाच्या हाती खडू देऊन बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवून दिलं आहे. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवू नयेत असंही कलम 26 सांगतं. पण पद भरलेलं आहे आणि माणूस रजेवर आहे, त्या तासाचं काय, याबद्दल कायदा गप्प आहे. कागदावर तो तास झालेला असतो. सातवीच्या वर्गाला विज्ञानाची शिक्षिका सहा महिने नव्हती, ही गोष्ट शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत दिसत नाही, पटावर दिसत नाही, निकालातही लगेच दिसत नाही. ती दोन-तीन वर्षांनी, नववी-दहावीत, त्या मुलांच्या कच्च्या पायात दिसते, आणि तोवर तिचं मूळ कुणाला आठवत नाही.

काम आहे आणि काम करायला पात्र माणसंही आहेत, तर दोघांची गाठ का पडत नाही? कारण प्रत्येक शाळा आपला तुकडा एकटीने सांभाळते. एका शाळेत जुलै ते डिसेंबर गणिताची जागा रिकामी असते, पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत जानेवारी ते मार्च. एकच माणूस दोन्ही ठिकाणी शिकवू शकला असता, पण दोन शाळांना एकमेकींचं ठाऊक नसतं आणि त्या माणसाला दोन्हींचं. त्याला काम कळतं ते ओळखीच्या ओळखीतून, व्हॉट्सॲपवरच्या निरोपातून, कुणी ‘तुमचं नाव सुचवलंय’ म्हटल्यावर. शिवाय पदं ठरवताना विद्यार्थ्यांची संख्या धरायची ती 30 सप्टेंबरची, म्हणजे शाळा जूनमध्ये सुरू झाली तरी त्या वर्षाचं चित्र कागदावर स्पष्ट होईपर्यंत पहिलं सत्र सरत आलेलं असतं. तासिकेचा हिशेब तर साधा आहे. 220 दिवस म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने जेमतेम 37 आठवडे. जूनच्या पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकही तास न चुकवता शिकवलं तरी वर्षाच्या 52 पैकी 15 आठवडे या माणसाची कमाई शून्य. दिवाळीची सुट्टी कायम शिक्षकाला विश्रांतीची असते, तासिकेवरच्या शिक्षकाला ती बिनपगारी असते. झालेल्या तासांचं बिल मुख्याध्यापकाच्या सहीने वर जातं आणि पैसे कधी येतील याचा अंदाज बांधून घरभाडं ठरवता येत नाही. या सगळ्यात जी गोष्ट कुठल्याच कागदावर येत नाही, ती म्हणजे थांबून राहणं. उद्या सकाळी साडेसहाला फोन येऊ शकतो म्हणून दुसरं काम धरता येत नाही, आणि फोन आला नाही तर दिवस कोरडा जातो. मोबदला मिळतो तो शिकवलेल्या तासांचा. तयार राहण्याचा मोबदला कुणीच देत नाही, खरं तर शाळेला गरज असते ती याच तयारीची.

हा प्रश्न नवा नाही, फक्त शिक्षणाच्या दारात तो नवा वाटतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत रोज सकाळी फाटकापाशी माणसं उभी राहत, आणि गैरहजर कामगारांच्या जागी कुणाला आत घ्यायचं हे जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवी. त्याच्या मर्जीसाठी दस्तुरी द्यावी लागे. 1935 मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याला ठरावीक लोकांना बदलीची कार्डं द्यायची, कार्डवाल्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, आणि त्यांना काम दिल्याशिवाय बाहेरच्याला घ्यायचं नाही. गोदीत प्रश्न याहून बिकट होता, कारण जहाज येईल तेव्हाच काम. तिथे 1948 चा गोदी कामगार कायदा आला आणि नोंदलेल्या कामगाराला हजर राहूनही काम मिळालं नाही तर भत्ता मिळेल अशी सोय झाली. मग 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या या कायद्याने जे केलं ते मला आजही थक्क करतं. हमालाचा मालक एक नसतो. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या. अशा माणसाला भविष्य निर्वाह निधी द्यायचा कुणी? कायद्याने मधे मंडळ उभं केलं. कामगाराने मंडळात नोंद करायची, मालकानेही करायची, मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला पगार, निधी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. मालक अनेक आणि काम रोज कमीजास्त, तरी कामगाराच्या हाती एकच वेतनचिठ्ठी आणि एकच सेवानोंद. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसासाठी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी हे सुचलं, आणि बी.एड., टीईटी, टेट अशा तीन चाळण्यांतून आलेल्या शिक्षकासाठी आजही सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माथाडी कायदा अंगमेहनतीच्या कामासाठी आहे, तो शिक्षकांना लागू होत नाही आणि तो लागू करा असं माझं म्हणणंही नाही. घ्यायची आहे ती त्यामागची कल्पना. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी केंद्रशाळेची रचना आधीपासून आहे, केंद्रप्रमुख आहेत. समजा, एका केंद्रातल्या शाळांत मिळून 80 शिक्षक आहेत. अगदी हात राखून शंभरात पाचच शिक्षक रोज नसतात असं धरलं, तरी रोज चार वर्ग उघडे पडतात. म्हणजे त्या केंद्राला चार राखीव शिक्षकांचं काम वर्षभर आहे, फक्त रोज वेगळ्या शाळेत. एकेका शाळेने पाहिलं तर हे काम तुटक दिसतं, केंद्राने पाहिलं तर ते पूर्णवेळ दिसतं. या चौघांना वर्षाची नेमणूक, महिन्याचं निश्चित मानधन आणि सेवापुस्तिकेसारखी एक नोंद द्यावी. ज्या दिवशी कुणी रजेवर नसेल, त्या दिवशी त्यांनी मागे पडलेल्या मुलांचे गट घ्यावेत. त्या कामाचा तोटा कुठल्याच केंद्रात नाही. खासगी अनुदानित शाळांना तालुक्याच्या पातळीवर अशीच यादी करता येईल. रेल्वेत ही गोष्ट नित्याची आहे. तिथे स्टेशन मास्तरांची संख्या ठरवतानाच रजेवर जाणाऱ्यांसाठी जादा माणसं धरलेली असतात, कारण स्टेशन मास्तर रजेवर आहे म्हणून गाडी थांबवता येत नाही. वर्ग मात्र थांबवता येतो. मुलं तक्रार करत नाहीत.

पहिला आक्षेप पैशाचा. शिक्षणावरच्या खर्चाचा मोठा वाटा आधीच वेतनात जातो, आता हा बोजा कुठून उचलायचा? बोजा आहे हे मला मान्य आहे. रजेवरच्या शिक्षकाचा पगार चालू राहतो आणि राखीव शिक्षकाचा खर्च त्यावर चढतो. पण पैसा मुळीच नसतो असं नाही. जुलै 2023 मध्ये शासनाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर नेमण्याचा निर्णय घेतला, वयाची मर्यादा सत्तर वर्षं. त्याच वर्षी शिक्षण सेवकांचं, म्हणजे नव्याने भरती झालेल्या शिक्षकांचं, मानधन वाढवलं गेलं. ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झालं. म्हणजे तेव्हा निवृत्तिवेतन मिळणाऱ्या शिक्षकाला तात्पुरत्या जागेवर 20,000, आणि भरतीच्या सगळ्या चाळण्या पार करून नव्याने आलेल्या प्राथमिक शिक्षकाला 16,000. निवृत्त शिक्षकांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण या निर्णयाने दोन गोष्टी सिद्ध होतात. वर्ग उघडा पडतो हे शासनाला मान्य आहे, आणि तो झाकायला पैसाही काढता येतो. प्रश्न उरतो तो पैसा कुणावर खर्चायचा याचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आज तात्पुरता घेतलेला माणूस उद्या ‘कायम करा’ म्हणून उपोषणाला बसेल, न्यायालयात जाईल. गिरण्यांत हेच झालं. 1982 च्या संपातल्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. या भीतीपोटीच नेमणुका खंड पाडून दिल्या जातात. माझं उत्तर असं की कायम होण्याची मागणी हेही या अस्थिरतेचंच फळ आहे. वर्षानुवर्षं बदलीवर ठेवल्यामुळे गिरणी कामगाराला ती मागणी करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी खटल्यात स्पष्ट केलं आहे की रीतसर निवड न होता मिळालेली तात्पुरती नेमणूक कायम होण्याचा हक्क देत नाही. या निकालाचा अर्थ तात्पुरत्यांना ताटकळत ठेवा असा लावला जातो, पण त्यातून दुसराही धडा निघतो. निवड पहिल्यापासून रीतसर करा. राखीव शिक्षक टेटच्याच गुणवत्ता यादीतून, आरक्षणाच्या बिंदूंप्रमाणे घेतले आणि पुढच्या भरतीत त्यांच्या नोंदलेल्या सेवेला काही गुण दिले, तर मागच्या दाराने आल्याचा ठपका त्यांच्यावर येणार नाही.

तिसरं म्हणणं पालकांचं असतं. रोज नवा चेहरा मुलांना बरा नाही, आणि बदलीवरचा शिक्षक जीव ओतून शिकवत नाही. पहिला भाग खरा आहे, म्हणूनच केंद्राची कल्पना पुढे येते. तीच चार माणसं त्याच शाळांत वर्षभर फिरली तर मुलांना ती नवखी राहत नाहीत; कोणता वर्ग अपूर्णांकांत अडला आहे हे त्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या भागाबद्दल मी इतकंच म्हणेन की ज्याला पुढच्या सोमवारी आपण या वर्गावर असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने धड्याचं नियोजन करावं तरी किती दिवसांचं? त्याच्या आस्थेवर बोट ठेवण्याआधी त्याला पुढचा सोमवार द्यायला हवा. मला हेही मान्य आहे की काहींना तुटक कामच सोयीचं असतं. घरी लहान मूल आहे, पुढचं शिक्षण चालू आहे, अशांसाठी तासिका राहाव्यात. पण सोय म्हणून तासिका निवडणं आणि दुसरं काहीच नाही म्हणून त्यावर दिवस काढणं यांत फरक आहे, आणि आजची व्यवस्था दोघांना एकाच यादीत टाकते.

शेवटचा आक्षेप थेट व्यवसाय बदलणाऱ्यांवर आहे. चांगली नोकरी सोडायला कुणी सांगितलं होतं? डोळे उघडे ठेवून आलात, आता निभवा. या बोलण्यातली बोचणी मी ओळखते, आणि त्यात तथ्य नाही असंही म्हणत नाही. निर्णय ज्याचा त्याचाच असतो. पण हा आक्षेप त्या माणसाबद्दल बोलतो, वर्गाबद्दल नाही. प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेली बाई आठवीला आम्ल आणि आम्लारी शिकवायला तयार असेल, बँकेत हिशेब केलेला माणूस सातवीला सरळव्याज शिकवायला तयार असेल, तर तोटा एकट्या त्यांचा होत नाही. ही माणसं दीड-दोन वर्षं तासिकांवर काढतात, साठवलेले पैसे संपतात, आणि ती निमूटपणे जुन्या क्षेत्रात किंवा खासगी क्लासकडे निघून जातात. त्यांच्या जाण्याची नोंद कुठेच होत नाही, कारण त्यांच्या येण्याचीही झालेली नसते. क्लासला ती माणसं मिळतात, ज्या मुलांना क्लासची फी परवडते त्यांना ती मिळतात, आणि ज्यांच्यासाठी शाळा हाच एकमेव आधार आहे ती मुलं ऑफ तासाला बाक वाजवत बसतात.

या सगळ्याला धोरण लागेल, आणि ते यायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र धोरणावाचून होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तुम्ही अशा समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा. गेल्या महिन्यात आपल्या शाळेत किती तासांना विषयाचा शिक्षक नव्हता, आणि त्या तासांना वर्गावर कोण होतं? उत्तर वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.